तेजस्विनीचे पाच पानी भाषण

९ फेब्रुवारी, बॉटनी डाउन्स

आज कादंबरीचा शेवट लिहून पूर्ण झाला. प्रारंभ उद्यापासून करीन.

कथाकारांना ही पद्धत विपरीत वाटेल. मी अमरावतीच्या महाविद्यालयात हयातभर तर्कशास्त्र शिकवले. काय सिद्ध करायचे हे आधी ठाऊक नसेल तर हेतू आणि दृष्टांत शोधायचे कशासाठी? सिद्ध करायचे ते असे: छळणाऱ्याचे बळ संख्येत असते, युक्तीत नसते, म्हणून चोख युक्तिवादापुढे ते टिकत नाही. आता मुलाकडे परदेशात राहतो आणि इथल्या छोट्या मराठी मंडळाला मोठ्या मुलांसाठी या विषयावर पुस्तक हवे आहे. अध्यक्ष प्रकाशराव म्हणाले, "सर, बुलिंगवर मराठीत काहीच नाही हो. तुम्ही लिहा, आम्ही छापतो."

नायिका तेजस्विनी, वय चौदा. प्रतिनायक ब्रॅड, गोरा स्थानिक मुलगा. तो तिच्या डब्याच्या वासावरून तिला हिणवतो. अखेरीस भरसभेत तेजस्विनी उभी राहते आणि पाच पानी भाषण करते. ब्रॅडची मान खाली जाते.

कमलाबाईंना भाषण वाचून दाखवले. आमच्या संसाराला अर्धशतक होत आले, तरी त्यांनी माझे एकही वाक्य दुसऱ्यांदा ऐकण्याची मागणी केलेली नाही. "एवढं बोलेपर्यंत बाकीचे पोट्टे चूप बसते का?" एवढाच अभिप्राय.

१२ फेब्रुवारी

माझी नात धम्मदीना, म्हणजे माझा मुलगा आयुष याची मुलगी, यंदा इयर टेनमध्ये, आपल्याकडच्या नववीत, गेली. समाजशास्त्राच्या तासाला प्रत्येकाने माओरी रीतीने स्वतःची ओळख करून द्यायची आहे: आधी आपला डोंगर, मग नदी, मग पूर्वज, आणि सर्वांत शेवटी स्वतःचे नाव. याला पेपेहा म्हणतात. व्यापकाकडून विशेषाकडे जाणारी ही रीत मला शास्त्रशुद्ध वाटली.

"आजोबा, आपला डोंगर कोणता?"

"गाविलगडची रांग. नदी पूर्णा."

"आणि पूर्वज?"

तिला माझ्या वडिलांची हकीकत सांगितली. गावातली मेलेली गुरे ओढून नेण्याचे काम आमच्या घरावर लादलेले होते. छप्पन साली नागपूरहून दीक्षा घेऊन परतल्यावर वडिलांनी ते सोडले. गावाने पाणी तोडले, दुकानदाराने मीठ देणे थांबवले. वडिलांनी दोर पुन्हा हाती घेतला नाही.

तिने वहीत 'पणजोबा' असे लिहून घेतले. मग म्हणाली, "हे सगळं क्लासमध्ये सांगू?"

"सगळे. यात लाज आमची आहे असे ज्याला वाटेल, त्याने ते सिद्ध करावे. सिद्धतेचा भार आपल्यावर नाही."

१४ फेब्रुवारी

पेपेहा कसे झाले, असे विचारले. "गुड," म्हणाली. एका शब्दाचे उत्तरही पूर्ण असू शकते.

१६ फेब्रुवारी

धम्मदीनाने पहिले प्रकरण वाचले. देवनागरी ती ओळीखाली बोट धरून वाचते. त्यामुळे तिचा आक्षेप कोणत्या शब्दावर आहे ते बोट थांबताच कळते. बोट ब्रॅडवर थांबले.

"ब्रॅड? आजोबा, आता कोणाचंच नाव ब्रॅड नसतं. ते कोणाच्या तरी डॅडचं नाव आहे."

"नाव गौण आहे. आक्षेप मुद्द्यावर घे."

"मुद्दा पण चुकलाय. डब्याला कोण हसतं? कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बटर चिकन भरलेला पाय, म्हणजे पेस्ट्री, मिळतो. आपलं फूड त्यांना हीप्स आवडतं, खूप."

"मग कशाला हसतात?"

ती पानाची कड दुमडत राहिली. "हसतात असं नाही. ते काहीच करत नाहीत, असं असतं. आपण बसलो की बाजूची सीट रिकामी होते. सगळे छान बोलतात, फक्त रिकामी होते. आणि टीचरला जाऊन काय सांगणार? काहीच नाही झालं, हे कसं सांगणार?"

आक्षेप नोंदवला आणि त्याचे खंडनही तिला ऐकवले: कृती नाही तिथे कारण नाही, कारण नाही तिथे परिणाम नाही, सबब हा आक्षेप दाखल करून घेता येत नाही.

"स्वीट ॲज," म्हणाली आणि उठून गेली. येथील मुले संमतीसाठी हे शब्द वापरतात.

२३ फेब्रुवारी

मंडळात पहिल्या दोन प्रकरणांचे वाचन झाले. प्रतिसाद चांगला. प्रकाशरावांची मुलगी श्रिया विशेष लक्षात राहिली. ती धम्मदीनाच्याच वर्गात आहे. इथेच जन्मलेली, पण मराठी निर्दोष; वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "आजोबा, तेजस्विनी किती धीट आहे! माझ्यात एवढं धैर्य नाही हं."

मी तिला दुसरी वाचक नेमले. दोन स्वतंत्र साक्षीदार असलेले बरे.

परतताना गाडीत धम्मदीनाला म्हटले, "श्रियाचे मराठी ऐकलेस? तिच्याकडून शिकण्यासारखे आहे."

"हो, तिला सगळं येतं," ती म्हणाली आणि खिडकीची काच खाली केली. आयुषने एसी चालू असल्याची आठवण करून दिली. तिने काच वर केली नाही.

५ मार्च

सूनबाई सुमेधा पामर्स्टन नॉर्थला संशोधन संस्थेत गवताच्या बियाण्यांवर काम करतात आणि एक आड एक शनिवारी येतात. आज, त्या इथे नसताना, धम्मदीनाने जेवताना जाहीर केले की तिला आईकडे राहायला जायचे आहे आणि तिकडच्या शाळेत नाव घालायचे आहे.

"कारण?"

"कारण नाही."

"निष्कारण निर्णय हा निर्णय नसून लहर असते."

"ओके, लहर आहे."

आयुष म्हणाला, "बाबा, तिला आईची आठवण येत असेल." हे मलाही पटण्यासारखे वाटले.

कमलाबाई मध्येच बोलल्या, "पोट्टी डबा जसाच्या तसा वापस आणते. आठवणीनं पोट भरते का?"

मी म्हणालो की अरुची हाही त्या वयाचा धर्म आहे. धम्मदीनाने ताट सरकवले आणि मला विचारले, "तुमची तेजस्विनी शाळा का सोडत नाही?"

"कारण पळून जाणे म्हणजे प्रतिपक्षाचे म्हणणे मान्य करणे."

"मग तिला रोज तिथे जावं लागेल."

"अर्थात."

"ओके," ती म्हणाली. त्यानंतर तिने विषय काढला नाही. प्रश्न निकालात निघाला.

१५ मार्च

श्रिया तिसरे प्रकरण वाचून अभिप्राय घेऊन आली. धम्मदीनाचे डोके दुखत होते म्हणून ती खोलीतून बाहेर आली नाही.

श्रियाची सूचना अशी: ब्रॅडने डब्याला हसू नये. "त्याने सगळ्यांना एक गेम शिकवावा, आजोबा. म्हणजे फनी वाटेल असा. मग त्याला स्वतःला काही करावंच लागणार नाही. बाकीचेच करतील. आणि टीचर बघून हसेल, कारण टीचरला वाटेल की पोरं खेळतायत."

मानवी स्वभावाचे हे निरीक्षण चौदाव्या वर्षी असामान्य म्हटले पाहिजे. मी तिची मनापासून प्रशंसा केली. दोन्ही साक्षीदार परस्परांशी न बोलता एकाच दिशेचा आक्षेप घेत आहेत, याचीही नोंद केली. चौथे प्रकरण त्यानुसार फिरवावे लागेल.

कमलाबाई दार लावून घेत म्हणाल्या, "पोरगी लय गोड बोलते." त्यांच्या तोंडी ही स्तुती क्वचितच असते.

२१ मार्च

शाळेच्या मैदानी स्पर्धांना आजीआजोबांना आमंत्रण होते. कमलाबाईंचा गुडघा दुखत होता, म्हणून मी एकटा बसने गेलो. पाहिले तेवढेच लिहितो.

ऊन तिरपे होते. इयर टेनच्या मुली धावपट्टीच्या कडेला उभ्या होत्या. धम्मदीना पाण्याची बाटली घेऊन त्यांच्याकडे चालत गेली. एक सोनेरी केसांची मुलगी ओरडली, "शॅडो!" आणि सगळ्या एकदम उड्या मारून बाजूला झाल्या. कोणीही शिवी दिली नाही. धम्मदीनाची सावली गवतावर जिथे पडली होती, तेवढीच जागा मोकळी राहिली. एकीचा पाय चुकून सावलीत पडला. तिने किंचाळून बाटलीतले पाणी पायावर ओतले. सगळ्या हसल्या. शिट्टी गळ्यात अडकवलेले शिक्षकही हसले.

श्रिया जरा दूर उभी होती. तिने उडी मारली नाही. ती पाहत होती.

धम्मदीनाने तोंड वाकडे केले नाही, ती रडलीही नाही. शांतपणे चालत ती सरबताच्या टेबलावरच्या ताडपत्रीखाली जाऊन उभी राहिली. तिथे कोणाचीच सावली पडत नाही.

त्या मैदानात शेकडो माणसे होती. या खेळाचा उगम कुठला, हे त्यांतल्या फक्त तिघांना ठाऊक होते.

"आजोबा! नमस्कार!" श्रियाने हात हलवला. मी बसथांब्याकडे वळलो.

घरी आल्यावर धम्मदीनाशी बोललो. संभाषण आठवेल तसे देतो.

"हे कधीपासून?"

"पेपेहा झाल्यापासून. मी पणजोबांचं सांगितलं. सगळे शांत झाले होते, चांगले शांत. आमच्या टीचर मिस हेनारेंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग लंचला श्रियाने त्यांना सांगितलं की इंडियात आमच्यासारख्या लोकांची शॅडो पडली की अंघोळ करायचे. तिने हिस्टरीत वाचलं होतं. मग ते... मग फनी झालं."

"बाकीच्या मुलींना याचा अर्थ कळतो?"

"नाही. त्यांना टॅगसारखा गेम वाटतो. श्रियाला माहीत आहे."

"तू मला सांगितले का नाहीस?"

"सांगितलं ना. रिकाम्या सीटचं. तुम्ही म्हणालात, दाखल करून घेता येत नाही."

हे विधान मी नोंदवतो. त्यावर आज भाष्य करीत नाही.

मी फक्त एवढेच विचारले, "पणजोबांचे सांगितल्याचा तुला पश्चात्ताप होतो का?"

"नो," ती म्हणाली. "नो वे."

२३ मार्च

परवा शुक्रवारी संध्याकाळीच आयुषने शाळेला फोन केला होता. धम्मदीनाच्या वर्गाच्या प्रमुख मिस हेनारे यांनी दोन्ही घरांना बैठकीस बोलावले आहे. आज सकाळी प्रकाशराव पेढ्यांचा खोका घेऊन आले.

"सर, मुलं आहेत हो. त्यांना काय कळतंय? इथे कुठे आलीय जात? आम्ही तर घरात कधी शब्दसुद्धा काढत नाही."

"शब्द काढल्याशिवाय ज्ञान पोचले, असे आपले म्हणणे आहे काय?"

"तिने वाचलं कुठेतरी. हिस्टरी आहे ती."

"तिने ती इतिहास म्हणून वाचली असती तर वहीत लिहिली असती. तिने मैदानावर प्रयोग केला."

ते खुर्चीत पुढे सरकले. "हे बघा, शाळेला यातलं ओ की ठो कळणार नाही. उगाच सगळ्या कम्युनिटीचं नाव खराब होईल. आपल्यातलं आपल्यात मिटवू. श्रिया येऊन पाया पडेल तुमच्या. तुम्ही शाळेला एक फोन करा, गैरसमज झाला म्हणून."

"'आपल्यातलं' म्हणालात. या 'आपण'ची व्याप्ती सांगा. त्यात माझी नात पूर्वीपासून होती, की आजच्या फोनपुरती घेतली आहे?"

"सर, तुम्ही शब्दात पकडता."

"तो माझा व्यवसाय होता. आपला प्रस्ताव असा आहे की अपराध उघड्यावर झाला तरी क्षमा बंद खोलीत मागावी. मला तो अमान्य आहे."

प्रकाशरावांनी खोका टेबलावर ठेवला. मग पुस्तकाकडे वळले. "छपाईचं ठरलंय आपलं पुढच्या महिन्यात. कमिटीत काही लोक आहेत... वातावरण बिघडलं की अवघड होतं, एवढंच म्हणतो."

"अवघड होऊ नये म्हणून हस्तलिखित मी आत्ताच परत घेतो."

कमलाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि त्यांनी खोका उचलून प्रकाशरावांच्या हाती दिला. "पेढे घेऊन जा भाऊ. आमच्या घरी काही आनंद झाला नाही."

दार लागल्यावर त्या मला म्हणाल्या, "लय चांगलं बोललात. पण पोरीच्या वाट्याचं तुम्हीच किती बोलून घेणार?" प्रश्नाचा रोख माझ्या लक्षात आला नाही.

२९ मार्च

सुमेधा मोकळी सुटकेस घेऊनच आल्या. त्यांचे म्हणणे स्पष्ट होते: "बाबा, मला तत्त्वबित्त्व काही नको. माझी मुलगी सहा आठवडे उपाशी शाळेत बसलीय. बैठक झाली की मी तिला घेऊन जाणार. तिकडे जागा आहे, मी बोलून ठेवलंय."

मी विरोध केला नाही. माझ्या मूळ सिद्धान्तानुसार करायला हवा होता. पण रोज तिथे बसणारा मी नाही.

धम्मदीना म्हणाली, "बघू. आधी मीटिंग."

मी मीटिंगसाठी निवेदन तयार केले आहे: ऐतिहासिक पार्श्वभूमी, कृतीचे स्वरूप, हेतू, मागणी. तिला वाचून दाखवू लागलो. पहिल्या पानावरच तिने हात वर केला.

"आजोबा, तुम्ही नाही बोलायचं. मी बोलणार."

"तुझा मुद्दा नीट मांडला जावा, एवढीच..."

"माझा मुद्दा आहे. आणि हे पुस्तकात टाकायचं नाही. तेजस्विनीला नाही द्यायचं हे. मी तुमचा दृष्टांत नाही."

हा शब्द तिने माझ्याच तोंडून ऐकला असणार. उच्चार अचूक होता.

३ एप्रिल

बैठकीला इकडे माओरी शब्दच वापरतात: हुई. खुर्च्या गोलाकार मांडल्या होत्या, टेबल नव्हते. मिस हेनारे यांनी "किया ओरा" म्हणून सर्वांचे स्वागत केले, माओरीत छोटी प्रार्थना म्हटली आणि नियम सांगितला: आधी दोघी मुली बोलतील, कोणी मध्ये बोलायचे नाही, घरच्यांनी सर्वांत शेवटी. आयुषला पापाकुराच्या कामावरून निघता आले नाही. सुमेधा आणि मी होतो. समोर श्रिया आणि प्रकाशराव.

श्रियाने कागद काढला आणि इंग्रजीत वाचले: माझ्या वागण्याने कोणाला वाईट वाटले असेल तर मी दिलगीर आहे. वाचून तिने कागदाची नीट घडी केली.

मिस हेनारे यांनी धम्मदीनाकडे पाहिले. तीही इंग्रजीतच बोलली. मी जमेल तसे मराठीत उतरवतो.

"'तर' काढ," ती म्हणाली.

"काय?"

"'वाटले असेल तर' नाही. वाटलं. आणि 'कोणाला' नाही. मला. माझं नाव घे."

"डीना, आय ॲम..."

"पूर्ण नाव. टीचरना म्हणता येत नाही, ठीक आहे. तुला येतं. तू मराठी आहेस."

श्रियाने नाव घेतले. निर्दोष उच्चारले. मग ती रडू लागली. धम्मदीनाने तिच्यासमोर टिशूचा खोका सरकवला आणि थांबली. रडणे ओसरल्यावर तिने पुढे चालू केले, जणू मध्ये फक्त एखादी बस गेली होती.

"आता दुसरं. त्या बाकीच्या मुलींना माहीत नाही तो गेम काय आहे. तू शिकवलास. आता खरं काय आहे ते पण तूच सांगायचं. मी नाही सांगणार, मी माझं एकदा सांगितलंय. तू सांगायचं. सोशल स्टडीजमध्ये, सगळ्यांसमोर."

प्रकाशराव उसळून मराठीत म्हणाले, "हे फार होतंय हं. चौदा वर्षांची मुलगी आहे ती!"

"मी पण," धम्मदीना म्हणाली.

मिस हेनारे यांना शब्द कळले नसणार; पण त्यांनी प्रकाशरावांना हात दाखवून थांबवले. त्यांनी श्रियाला विचारले, हे तुला जमेल का. श्रिया बराच वेळ वडिलांकडे पाहत होती. मग वडिलांकडे पाहणे सोडून तिने मान हलवली. पुढच्या सोमवारी, असे ठरले.

माझी पाळी आली. निवेदन कोटाच्या खिशात होते. पुष्कळ उणिवा राहिल्या होत्या: ऐतिहासिक पार्श्वभूमी आलीच नाही, शिक्षकाच्या हसण्याचा उल्लेख झाला नाही, मागणीला मुदतीखेरीज कसलेही हमीपत्र नव्हते. तरीही मी म्हणालो की मला भर घालायची नाही. माझ्या आवाजात काही दोष निर्माण झाला होता; सुमेधांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. हवेत गारठा होता.

बाहेर मार्गिकेत प्रकाशराव धम्मदीनाजवळ आले आणि मऊ स्वरात म्हणाले, "बेटा, झालं ना मनासारखं? आता झालं गेलं विसरून जायचं."

"नाही, काका," ती मराठीत म्हणाली. "तुम्ही पण विसरू नका."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी काही म्हणावे अशी त्यांची अपेक्षा असावी. मी त्यांच्याकडे तसेच पाहत राहिलो.

सुमेधांनी गाडीची किल्ली काढली. सुटकेस सकाळीच भरून डिकीत ठेवली होती. "चल बेटा. आजीला भेटू आणि निघू. उजेडात पोचू."

धम्मदीनाने दप्तर खांद्यावर घेतले. "मला मॅथ्स आहे."

"आज? आज कोण विचारणार आहे तुला?"

"कोणीच नाही. म्हणून तर." मग आईच्या चेहऱ्याकडे पाहून तिचा स्वर उतरला. "मम्मी, मला तुझ्याकडे यायचंय. खरंच. सुट्टीत येते ना. पण आत्ता गेले तर त्या सीटवर कोण बसणार?"

सुमेधांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, सोडला, आणि डिकीतली सुटकेस काढून माझ्या पायाशी ठेवली. धम्मदीना वर्गाकडे निघाली होती. तिने मागे वळून पाहिले नाही. तास सुरू होऊन बराच वेळ झाला होता आणि तिला आणखी उशीर करायचा नव्हता.

सुमेधा एकट्याच पामर्स्टन नॉर्थला गेल्या.